दुरुस्तीला निघालेली बंदूक आणि दाजीपूरचा रस्ता

बंदूक बारा बोरची, दुनळी, घोडे बाहेर असलेल्या जुन्या घडणीची. परवाना शेतीसंरक्षणाचा, वडिलांच्या पश्चात वारसाने मुलाच्या नावावर झालेला. मालक कणकवली तालुक्यातले बागायतदार, वय साठीच्या आसपास. नारळ-सुपारीची बाग, थोडी काजू, आणि ओहोळाच्या कडेला भातशेती. भात पोटरीत आलं की डुकरं उतरतात आणि एका रात्रीत अर्धा कुणगा लोळवून जातात. त्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत बंदुकीची उजवी नळी दगा देऊ लागली. चाप ओढला की घोडा पडायचा, पण बार निघायचा नाही.

तालुक्यात बंदुकीचं काम करणारा परवानाधारक कारागीर नाही. कोल्हापूरला आहे. पुतण्या बोलेरो पिकअप चालवतो, त्याची कोल्हापूरची फेरी ठरलेलीच होती. काकांनी त्याला सांगितलं, "जातंस तर ती बंदूक पण घेऊन जा. लायसन खिशात ठेव, कोण काय इचारणा नाय."

आता विचारणारा भेटला तेव्हा काय झालं, ते हे प्रकरण. मी या कामात बागायतदारांच्या बाजूने वकील होतो. माणसं आणि गाव ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, कायद्याचे मुद्दे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पिकअप पहाटे चारच्या सुमारास निघाली आणि फोंडाघाट चढून वर आली. घाटमाथ्यावर सिंधुदुर्ग जिल्हा संपतो, कोल्हापूर सुरू होतो, आणि रस्ता राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत शिरतो. देवगड-निपाणी रस्त्याने जाणाऱ्यांना दाजीपूर म्हणजे चहाला थांबायचं ठिकाण आणि नशीब असेल तर गवा दिसायची जागा. ते १९५८ पासूनचं अभयारण्य आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, हे कुणाच्या ध्यानात नसतं. पुतण्याच्याही नव्हतं. वनखात्याच्या गस्तीने गाडी थांबवली ती नेहमीच्या तपासणीसाठी. केबिनमध्ये सीटच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली बंदूक निघाली. डॅशबोर्डवर डोक्याला बांधायची बॅटरी होती. हौद्यात आदल्या दिवशीच्या मासळीच्या क्रेटांचं पाणी सांडून सुकलेलं होतं आणि त्याचे डाग अंधारात टॉर्चच्या उजेडात जसे दिसायचे तसेच दिसले.

त्या कर्मचाऱ्यांच्या जागी मी असतो तर मलाही शिकारच वाटली असती. पहाटेची वेळ, अभयारण्य, गोणपाट, बॅटरी, डाग. पुतण्याने परवाना काढून दाखवला. परवान्यावर फोटो काकांचा.

इथून पुढे प्रकरणाचे पदर सुटायला लागतात. गावात याची चर्चा "परवाना होता तरी पकडलं" एवढ्या एका वाक्यात संपली, म्हणून प्रत्येक पदर वेगळा करून सांगतो.

बंदूक कुणाच्या हातात होती

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो, आणि परवाना माणसाला मिळतो, घराला किंवा कुटुंबाला नाही. कोकणात "घरची बंदूक" असं सर्रास म्हणतात. बोलायला ठीक, कायद्याला अशी बंदूक माहीत नाही. मात्र त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी तरतूद, आहे आणि ते फार थोड्या परवानाधारकांनी वाचलेलं असतं. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसरा माणूस स्वतःचा परवाना नसताना बंदूक नेऊ शकतो. अट अशी की परवानाधारक सोबत हवा, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेला हवा.

म्हणजे काका शेजारच्या सीटवर बसून गेले असते तर या मुद्द्यावर प्रश्नच आला नसता. किंवा वहीच्या पानावर चार ओळी लिहून सही केली असती तरी चाललं असतं. दोन्ही झालं नाही. मूळ परवाना पुतण्याच्या हातात देणं म्हणजेच लेखी अधिकार देणं, असा युक्तिवाद मी केला आहे. तो कितपत टिकेल याबद्दल मला स्वतःला फार भरवसा नाही. परवान्याच्या पुस्तकात पुतण्याचं नाव कुठेच नाही, मग लेखी काय दिलं, असं सरकारी वकील विचारणारच.

यातला विपर्यास शिक्षेत दिसतो. परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल काकांवर कलम ३० लागतं, तिथे कमाल सहा महिने किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना बंदूक जवळ बाळगल्याबद्दल पुतण्यावर कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं आणि वर दंड. सांगितलं कुणी आणि भोगायचं कुणी! कलम ३ च्या गुन्ह्यासाठी खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, एवढी एक चाळणी मध्ये आहे. आमचं बरंचसं म्हणणं आम्ही तिथेच मांडलं.

परवाना कुठपर्यंत चालतो

परवान्यात एक रकाना क्षेत्राचा असतो. काकांच्या परवान्यात तिथे "सिंधुदुर्ग जिल्हा" लिहिलेलं होतं. वडिलांच्या वेळेपासून तेच चालत आलेलं, नूतनीकरणाच्या वेळीही कुणी बदलून मागितलं नाही, कारण डुक्कर काही जिल्हा ओलांडून मारायचं नसतं. पण कारागीर जिल्ह्याबाहेर असला की बंदुकीला जिल्हा ओलांडावाच लागतो, आणि त्यासाठी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून आधी तशी लेखी नोंद करून घ्यायला हवी. फोंडाघाटाच्या शेवटच्या वळणानंतर, कुणी गाडी थांबवली असो वा नसो, ही बंदूक परवान्याच्या क्षेत्राबाहेर गेली होती.

सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना हाच मुद्दा जास्त नडतो. म्हापशाला नातेवाईक, पणजीला काम, बंदूक गाडीत तशीच राहिलेली. पत्रादेवीचा नाका ओलांडला की राज्यच बदलतं. महाराष्ट्रापुरता किंवा जिल्ह्यापुरता परवाना गोव्यात दाखवला तर तो तिथे परवाना नाहीच, मग मागच्या सीटवर कितीही नीट गुंडाळून ठेवलेली असो.

रस्ता चालतो, शस्त्र चालत नाही

प्रकरणातला सर्वांत रोचक भाग हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कुणी विनापरवानगी शिरायचं नाही असं सांगून काहींना सूट दिली आहे. सार्वजनिक हमरस्त्याने अभयारण्यातून पार होणारा माणूस त्या सूटधारकांत येतो. म्हणून तर दाजीपूरवरून रोज ट्रक, एसटी, पिकअप बिनदिक्कत जातात. पुढे कलम ३१ येतं. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुणीही कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करायचा नाही. या कलमात हमरस्त्याचा अपवाद नाही.

म्हणजे माणूस जाऊ शकतो, गाडी जाऊ शकते, बंदूक जाऊ शकत नाही. परवानाधारक स्वतः सोबत असता, क्षेत्र अख्ख्या महाराष्ट्राचं असतं, बंदूक सुटी करून कुलपात असती, तरीही नाही. मी हे पहिल्यांदा काकांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "मग मधे उतरून बंदूक उडत न्यायची काय?" प्रश्न रागाचा होता, पण कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. उत्तर असं की लेखी परवानगी काढायची किंवा दुसऱ्या घाटाने जायचं. कलम ३१ मुळे परवानाधारकाला त्रास होतो हे मान्य. पण दाजीपूरच्या जंगलात गाडीत बंदूक घेऊन फिरणाऱ्या दहा जणांपैकी दुरुस्तीला चाललेले किती असतील, हेही स्वतःशी विचारून पाहावं. मी त्या कलमाच्या विरोधात नाही.

गाडीचा प्रश्न कलम ३९ ने आणला. वन्यजीव गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन, शस्त्र, सापळा, हत्यार ही राज्य शासनाची मालमत्ता ठरते. (शस्त्र अधिनियमातही एक कलम ३९ आहे, खटल्याच्या मंजुरीचं. कागद वाचताना कुठला ३९ हे दर वेळी तपासून घ्यावं लागतं.) पिकअपवर बँकेचं कर्ज होतं. घरात बंदुकीपेक्षा रडारड गाडीसाठी झाली.

नळीतलं तेल आणि दोन फुसके

शिकारीचा संशय मात्र लवकर फिटला, आणि तो ज्या गोष्टींनी फिटला त्या सांगण्यासारख्या आहेत.

गस्तीवरच्या वनपालांना बंदुकीची माहिती होती. त्यांनी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या टॉर्चसमोर धरल्या. नळ्या रिकाम्या. आत तेलाचा अखंड थर. नुकताच बार काढलेल्या नळीत काजळी असते, वास असतो, तेल जळून गेलेलं असतं. पंचनाम्यात "नळीमध्ये तेलाचा थर, जळालेल्या दारूचा वास नाही" असं वाक्य त्यांनी लिहून घेतलं. त्या एका वाक्यावर आमची निम्मी बाजू उभी राहिली.

दुसरी गोष्ट काडतुसांची. गोणपाटातच एका कापडी पुरचुंडीत सहा काडतुसं होती. चार नवी, दोन न फुटलेली. न फुटलेल्या दोघांच्या बुडाच्या टोपीवर सुईचा ठसा होता, पण पुसट, एका बाजूला सरकलेला. नीट चाललेल्या बंदुकीचा ठसा टोपीच्या मधोमध खोल पडतो. काकांनी ती दोन काडतुसं कारागिराला दाखवायला मुद्दाम दिली होती, की बघ, घोडा पडतो पण मार बसत नाही. बंदूक खरंच नादुरुस्त आहे याचा याहून चांगला पुरावा मी मागूनही मिळवला नसता.

पण तोच पुरावा गाडीत बाळगायची सर्वांत वाईट वस्तूही होता. एकदा टोपीवर मार बसूनही न फुटलेलं काडतूस मेलेलं नसतं, ते जिवंतच असतं. ते सीटमागे, लोखंडी जॅकच्या शेजारी, घाटातल्या खड्ड्यांतून आदळत चाललं होतं. कारागिराला ठसा दाखवायचा तर मोबाइलवर जवळून काढलेला फोटो पुरतो.

ती चार नवी काडतुसं कशाला दिली होती, याचं उत्तर मला काकांकडून अजून नीट मिळालेलं नाही. "असू देत म्हटलं." दुरुस्तीला बंदूक जाते, काडतुसं जात नाहीत. बंदुकीसोबत एकाच पुरचुंडीत जिवंत काडतुसं सापडली की "भरलेली नव्हती" या म्हणण्याचं वजन निम्मं होतं.

बंदूक भरलेली नव्हती, हे मात्र खरं, आणि या सगळ्यात एवढी एकच गोष्ट काकांनी न चुकता केली होती. घोडे बाहेर असलेली बंदूक गाडीत भरून ठेवणं म्हणजे आत्महत्येचा प्रकार आहे. तिच्यात आजच्यासारखा सुरक्षेचा खटका नसतो. अशा कित्येक जुन्या बंदुकांत घोडा खाली असला तरी त्याचं डोकं सुईवर टेकलेलं असतं, वरून काही पडलं की संपलं. ठासणीची बंदूक असेल तर आणखी अवघड, कारण एकदा दारू आणि छर्रे ठासले की ते सहज निघत नाहीत. ठासणीवाले "केप (बार पेटवणारी टोपी) काढलीय ना" म्हणून निर्धास्त असतात. केप काढली तरी आतला बार आतच असतो. ठासलेली बंदूक गाडीत घालूच नये, आधी रिकामी करावी.

दुनळीचं सोपं आहे. पुढच्या लाकडाचा खटका सोडला की नळ्या आणि दस्ता वेगळे होतात. दोन तुकडे झालेली बंदूक कुणी ओढून काढून चालवू शकत नाही, आणि केबिनमध्ये मावतेही नीट. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असावी असं आहे. गोणपाटाने ती झाकली जाते खरी, पण गोणपाट बघणाऱ्याला लपवल्यासारखं वाटतं. साधं कॅनव्हासचं कव्हर काही महाग नाही. "ताब्यात" हा शब्द तर चहाच्या टपरीवर सुटतो. गाडी रस्त्याकडेला, काचा अर्ध्या खाली, आणि सगळे मिसळ खायला आत. बंदूक चोरीला गेली तर ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं लागतं, आणि तिथला पहिला प्रश्न असतो की तुम्ही कुठे होता.

पुतण्याने एक व्हिडिओ मला दाखवला होता, अमेरिकेतला. हरणाच्या हंगामात बंदूक कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, पेटी डिकीत. सुरक्षिततेपुरता सल्ला चांगलाच आहे. तिकडे १९८६ पासून राज्याराज्यांतून बंदूक नेण्यासाठी केंद्राचा कायदा आहे, आणि तो जवळपास हेच सांगतो. पण तिथे हंगाम असतो, शिकारीचा परवाना मिळतो, त्यामुळे गाडीतली बंदूक शिकारीला चालली हे कारण पुरतं. इथे तेच कारण गुन्हा आहे. शेतात येणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही, शेतीसंरक्षणाचा परवाना ही ती परवानगी नव्हे. शेताच्या बांधावरून बाहेर गाडीत बसलेल्या बंदुकीला दुरुस्ती, नूतनीकरण किंवा पोलीस ठाण्यात जमा करणं, अशी मोजकीच कारणं उरतात.

जमा करण्यावरून आठवलं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या आणि जिल्ह्यातल्या कितीतरी बंदुका पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. त्यातल्या बऱ्याच मोटरसायकलवर, दोघांच्या मध्ये आडव्या धरलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तेव्हा कुणी थांबवत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं कुठे चाललेत. "कोण काय इचारणा नाय" ही समजूत तिथूनच आलेली आहे.

पुढे काय झालं

वन गुन्ह्यात शिकार नव्हती, शस्त्रासह प्रवेश एवढाच मुद्दा उरला. अभयारण्यातली शिकार असती तर तीन ते सात वर्षांची शिक्षा समोर होती आणि तडजोडीचा दरवाजाच बंद होता. कलम ५४ खाली तडजोड शुल्क भरून ते प्रकरण मिटलं आणि पिकअप सुटली. हौद्यातल्या डागांचे नमुने तपासणीला गेले होते, ते मासळीचेच निघाले. तोपर्यंत कर्जाचे हप्ते थकले होते आणि भात डुकरांनी खाऊन झालं होतं.

जिल्हादंडाधिकारी कार्यालयाने शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली काकांना कारणे दाखवा नोटीस दिली आणि परवाना निलंबित केला. उत्तरात आम्ही काही लपवलं नाही. क्षेत्र ओलांडलं हे मान्य, लेखी अधिकार दिला नाही हे मान्य. सोबत पंचनाम्यातलं नळीच्या तेलाचं वाक्य, फुसक्या काडतुसांचे फोटो, आणि इतक्या वर्षांत परवान्यावर एकही शेरा नसल्याचा पोलीस अहवाल. परवाना सक्त ताकीद देऊन पुन्हा सुरू झाला. क्षेत्राच्या रकान्यात आता कोल्हापूरचीही नोंद आहे. पुतण्याचं प्रकरण मात्र मंजुरीच्या टप्प्यावर अजून लोंबकळत आहे, आणि परदेशी नोकरीसाठी चारित्र्य दाखला मागायला गेला तेव्हा ते पुढे आलंच.

बंदूक मुद्देमाल म्हणून घाटावरच्या पोलीस ठाण्यात होती. न्यायालयाने ती सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून घेऊन, काकांच्या ताब्यात द्यायचा आदेश केला तेव्हा नवा पेच आला. सरळ घरी यायचं तर पुन्हा दाजीपूर. म्हणून वनखात्याच्या नकाशावर अभयारण्याची हद्द बघून उलटा रस्ता ठरवला. आधी कोल्हापूर, मग आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि कणकवली. काका स्वतः गेले. खिशात परवाना, न्यायालयाच्या आदेशाची प्रत आणि क्षेत्रवाढीचं पत्र. नळ्या आणि दस्ता वेगळे, कॅनव्हासच्या कव्हरला छोटं कुलूप, काडतूस एकही नाही. पुतण्या गाडी चालवायला होता आणि त्याच्याही खिशात काकांच्या सहीचं पत्र होतं. काका शेजारी बसलेले असताना त्याची गरज नव्हती, पण त्याने ते मागून घेतलं.

कोल्हापुरात कारागिराने कव्हर उघडलं. उजव्या घोड्याची कमान (स्प्रिंग) थकली होती आणि सुई झिजली होती, ते अपेक्षित होतं. मात्र बंदूक पावसाळाभर ओलसर गोणपाटातच पडून राहिल्याने डाव्या नळीत, तोंडापासून वीतभर आत, गंजाचे खड्डे पडले होते. खड्डे पडलेली नळी चालवणं धोक्याचं, हे त्याने पावतीवर लिहून दिलं. काकांनी उजवी दुरुस्त करून घेतली आणि डावीच्या नव्या नळीचा खर्च विचारून ठेवला.